पुराचा शिधा: किती वर्षं टिकतं हे नंतर, विस्तवाशिवाय पोटात जातं का हे आधी

चिपळूणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. नदीजवळ तळमजल्यावरचं घर. घरात नवरा-बायको, ७२ वर्षांच्या मधुमेही सासूबाई आणि दीड वर्षाची मुलगी. जुलै २०२१ च्या पुरात घरातलं सगळं धान्य गेलं. आता परदेशातल्या व्हिडिओंत २५-२५ वर्षं टिकणारे सीलबंद डबे दाखवतात. ते मागवावेत, की घरीच साठवण करावी? आणि घरीच करायची तर सगळ्यात जास्त काय टिकतं?

ताई, मी २७ वर्षं गृहविज्ञानाची विस्तार कार्यकर्ती होते. गावोगावच्या बचत गटांना धान्य वाळवणं, साठवणं, कीड आवरणं शिकवणं हेच माझं काम. घर सांगलीत, त्यामुळे पूर मला पुस्तकातून कळलेला नाही. तरीही तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग मी बदलून घेणार आहे. ‘जास्त काय टिकतं’ हा प्रश्न मीसुद्धा बरीच वर्षं असाच विचारत होते आणि त्याची किंमत दोनदा मोजली.

२००५ च्या पुरात आमची वर्षाची बेगमी तळघरवजा खोलीत होती. चांगली कडकडीत वाळवलेली, कडुनिंबाचा पाला घातलेली, दोन पोती गहू. तीन वर्षंही टिकला असता असा माल. पाणी शिरलं आणि चौथ्या दिवशी त्याला मोड आले. त्यानंतर धान्य वरच्या मजल्यावर नेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आमचा गहू वर अगदी कोरडा होता. पण वीज नव्हती, म्हणजे गिरणी नव्हती. दळणार कशावर? जातं केव्हाच अंगणात तुळशीशेजारी शोभेला गेलं होतं. त्या दहा दिवसांत आम्ही जगलो ते सात-आठ किलो तांदूळ, थोडी मूगडाळ आणि शेजारच्या वहिनींनी दिलेल्या पोह्यांवर. गव्हाच्या कोठीला हातही लागला नाही.

तेव्हापासून मी पदार्थ निवडताना आधी तीन गोष्टी पाहते. खायला विस्तव लागतो का, पाणी किती लागतं आणि मध्ये विजेवर चालणारं कुठलं यंत्र येतं का. टिकाऊपणा चौथा. आणि तोही वर्षा-सहा महिन्यांचा पुरतो, कारण आपला पूर दर पावसाळ्यात विचारपूस करायला येऊ शकतो. २५ वर्षं वाट पाहायची कुणाला गरज नाही.

त्या परदेशी डब्यांचं आधी सांगून टाकते. ते खोटं नाही. धान्य अगदी कोरडं, डब्यातला प्राणवायू काढून टाकलेला आणि जागा थंड, या तीन गोष्टी जुळल्या की पांढरा तांदूळ आणि गहू खरोखर दशकं टिकतात. अमेरिकेत युटाकडे मॉर्मन पंथाच्या कुटुंबांत अशी साठवण पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पण तिकडची हवा कोरडी आणि तळघरं थंड. तुमच्याकडे जुलैत भिंतीला हात लावला तर ओल हाताला येते आणि मे महिन्यात माळ्यावर भट्टी असते. उष्णता वाढली की टिकण्याचा काळ झपाट्याने घटतो, त्यामुळे डब्यावरचा आकडा कोकणातल्या माळ्याला लागू होत नाही. शिवाय त्यातले बरेचसे पदार्थ गोठवून सुकवलेले असतात, म्हणजे खाण्याआधी त्यांना गरम पाणी हवं. पुराच्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे नेमकं तेच नसतं. पैसे वाचवा.

प्राणवायू काढून धान्य टिकवण्याची युक्ती आपल्याला नवी नाही, हे मात्र आवर्जून सांगते. सोलापूरकडची ज्वारीची पेवं याच तत्त्वावर चालत. जमिनीतला खड्डा पक्का बंद केला की आतलं धान्य आणि किडे मिळून प्राणवायू संपवतात, मग कीड जगत नाही. पेव उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरतो तो म्हणूनच. नाचणी तर फार सोस न करताही वर्षानुवर्षं राहते, दाणा इतका बारीक आणि कठीण की किड्याला शिरायला जागा नाही. हीच पेवाची युक्ती घरात करायची तर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या घ्या. स्वच्छ धुऊन दोन दिवस उलट्या टांगून पूर्ण कोरड्या करायच्या, त्यात तांदूळ ठोकून ठोकून गळ्यापर्यंत भरायचा आणि झाकण घट्ट लावायचं. दाण्यांच्या फटींत थोडीच हवा उरते, आणि तिच्यातला प्राणवायूही हळूहळू संपतो. जो एखादा सोंडकिडा असेल तो मरतो. एक लिटरच्या बाटलीत ८०० ग्रॅमच्या वर तांदूळ बसतो, पावसाळी हवेची ओल आत जात नाही, आणि एक फोडली तर बाकीच्या बंद राहतात. पोत्याला यातलं काहीच जमत नाही.

आता तुमच्या गावाच्या पुराचा स्वभाव पाहू, कारण साठा त्यावर ठरतो. सांगली-कोल्हापुरात पाणी चढतं सावकाश आणि बसतं आठवडाभर. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं आणि पुष्कळ घरांना वस्तू वर उचलायलाही वेळ मिळाला नाही. पाणी त्या मानाने लवकर ओसरलं, पण मागे चिखल ठेवून गेलं, आणि जिथून किराणा आणायचा ती दुकानंच बुडालेली होती. म्हणजे तुमची अडचण दोन तुकड्यांत येते. पहिले तीन दिवस उंचावर अडकलेले, विस्तव नाही, पाणी नाही. पुढचे दोन आठवडे घरात आहात, गॅस कदाचित आहे, पण वीज आणि दुकान नाही. या दोन तुकड्यांचा शिधा वेगळा ठेवा. सगळं एकाच कोठीत ठेवलं की आणीबाणीत वरचं काढायला खालचं उपसावं लागतं.

पहिल्या तीन दिवसांच्या पेटीत माझ्या मते सगळ्यात मोलाची जोडी म्हणजे पातळ पोहे आणि नारळ. दडपे पोहे तुम्हाला मी शिकवायला नको. पातळ पोहे, खवलेलं खोबरं, नारळाचं पाणी, मीठ, मिरची. दडपून ठेवायचं, झालं. आपल्या आजीच्या हातचा हा पदार्थ विस्तव मागत नाही आणि हंड्यातलं पाणीही मागत नाही. असोला नारळ पावसाळ्यात दोन-तीन महिने सहज राहतो, त्याचं वेष्टन पुराला दाद देत नाही, आत पिण्याजोगं पाणी आहे आणि खोबऱ्यात भरपूर ताकद आहे. सुकं खोबरं मात्र नको, ते पावसाळ्यात खवट होतं.

त्याच पेटीत भाजलेले शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि सातूचं पीठ. तुमच्या घरात साडेतीन माणसं धरली, तीन दिवसांना साधारण २१ हजार कॅलरी लागतात. २ किलो पातळ पोहे आणि बाकीचं प्रत्येकी १ किलो धरलं तर २३ हजारांच्या वर जातात, नारळ वेगळे. म्हणजे अवघी सहा किलोंची पेटी, जी तुम्ही एका हातात धरून जिना चढू शकता. वजनाचा विचार मी मुद्दाम करते, कारण त्या रात्री तुमच्या दुसऱ्या हातात मुलगी असणार आहे.

शेंगदाण्याबद्दल एक ताकीद. दाणा दमट राहिला की त्यावर बुरशी येते आणि काही बुरशांचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजूनही पूर्ण जात नाही. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा निवडून फेकायचा, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायचं नाही. भाजून पूर्ण गार करायचा आणि लहान लहान घट्ट बरण्यांत ठेवायचा. गूळ पावसात पाझरतो. त्याचे खडे करून काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बरणीत दाबून भरा. मला स्वतःला गुळाच्या बरोबरीने थोडी साखर ठेवणं बरं वाटतं, ती नीट बंद असली तर खराब होतच नाही.

सासूबाईंचा विचार इथेच करायला हवा. पुरात वाटलं जातं ते बिस्किट, पाव, केळी, गोड चहा. मधुमेही माणसाला चार दिवस तेवढंच खाऊ घालणं बरं नाही. फुटाणे, शेंगदाणे आणि हरभरा जास्त घातलेला सातू त्यांच्या नावाने वेगळा काढून ठेवा. सातू त्यांना ताकात किंवा पाण्यात मीठ-जिरं घालून द्या, गूळ नको. त्याच वेळी साखरेची पुडीही त्यांच्या पिशवीत असू द्या. गोळी किंवा इन्सुलिन घेतलं आणि जेवण वेळेवर मिळालं नाही तर साखर अचानक उतरते, तेव्हा तीच लागते. फ्रिज बंद पडल्यावर इन्सुलिन कसं ठेवायचं हे त्यांच्या डॉक्टरांना मे महिन्यातच विचारून कागदावर लिहून घ्या.

मुलीसाठी नाचणी सत्त्व, दुधाची पावडर आणि जलसंजीवनीची चार-पाच पाकिटं. दुधाची पावडर लहान पाकिटांत घ्या, फोडलेलं मोठं पाकीट कोकणच्या हवेत गठ्ठा होतं. साय काढलेल्या दुधाची पावडर जास्त टिकते, पण मुलीला सायीची लागेल, म्हणून तिची तारीख बघून दर चार महिन्यांनी बदला. जलसंजीवनीची पाकिटं संपली तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ हवं.

आता दुसरा तुकडा, दोन आठवड्यांचा. आपत्तीत धान्यवाटप करणाऱ्या संस्था माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल असा हिशेब धरतात. तुमच्या साडेतीन माणसांना १५ दिवसांसाठी २१ किलो धान्य, सव्वातीन किलो डाळ, दीड लिटर तेल झालं. या २१ किलोंत किमान १५ किलो पांढरा तांदूळ असू द्या. हातसडीचा तांदूळ मला खायला आवडतो, पण कोंड्यातल्या तेलामुळे तो काही महिन्यांत खवट वास धरतो. उकडा टिकतो, मात्र शिजायला वेळ आणि गॅस खातो, तो रोजच्या जेवणात वापरा. बाकीचं रवा, पोहे आणि थोडं नाचणीचं पीठ. गव्हाचं पीठ दीड-दोन महिन्यांच्या वर भरून ठेवू नका. बाजरीचं पीठ तर ठेवूच नका, आठवड्याभरात कडवट होतं. अख्खा गहू या साठ्यात धरायचा नाही, घरात जातं असेल आणि ते फिरवणारे हात असतील तरच धरा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड-श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. भरल्या कोठीशेजारी भाकरीवाचून बसण्याची पाळी तिथे पुष्कळांवर आली.

डाळींत मूगडाळ आणि मसूरडाळ. तूर नको, कारण गॅस मोजून वापरायचा असतो तेव्हा ती फार वेळ मागते. राजमा, छोले, काबुली तर मुळीच नकोत. रात्रभर भिजवायला पाणी, तासभर शिजवायला गॅस, आणि राजमा अर्धाकच्चा राहिला तर पोट बिघडवतो. जुनी झालेली कडधान्यं दमट हवेत आणखी हट्टी होतात, कितीही शिट्ट्या दिल्या तरी मऊ पडत नाहीत. कुळथाची पिठी मात्र भरपूर ठेवा. पाच मिनिटांत पिठलं होतं, भातावर पुरतं आणि अंगात ऊब आणतं. खिचडीचा तांदूळ-डाळ अर्धा तास भिजवून कुकरला दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून कुकर जाड गोधडीत गुंडाळून ठेवा, उरलेलं काम आतली वाफ करते. एवढ्याने एक सिलिंडर किती लांबतो हे मी २०१९ मध्ये पाहिलं आहे.

सुकट, बोंबील, पापड, लोणचं ही आपली आगोटीची परंपरा, ती मोडा असं मी म्हणणार नाही. मेतकूट-भात तर आजारी माणसालाही चालतो. पण खारट पदार्थ तहान वाढवतात आणि सुकी मासळी धुवायला दोन-तीन पाणी लागतं. म्हणून ती पहिल्या पेटीत नको, दुसऱ्या साठ्यात चवीपुरती असावी. तयार जेवणाची जी पाकिटं बाजारात मिळतात, पुलाव, डाळ, शिरा वगैरे, त्यातली पाच-सहा ठेवायला हरकत नाही. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी अशा पाकिटांवर पुष्कळ काम केलं आहे. पाकीट फाटलेलं-फुगलेलं नसेल तर गरम न करताही खाता येतं. महाग पडतात, एवढंच.

पाण्याचा हिशेब अन्नाइतकाच काटेकोर ठेवा. नुसतं प्यायला माणशी ३ लिटर धरले तर तीन दिवसांना ३०-३२ लिटर, थोडं वरचं धरून ४० करा. २० लिटरचे जार घेऊ नका, भरलेला जार माळ्यावर चढवताना कंबर धरते. ५ लिटरचे आठ कॅन बरे. पुढे गढूळ पाणी वापरायची वेळ आली तर तुरटी फिरवून निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग खळखळून उकळा किंवा क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. गढूळ पाण्यात थेट थेंब टाकले तर त्यांचा जोर गाळावरच खर्च होतो. थेंबांची बाटली दरवर्षी नवी घ्या.

साठवण्याचं तंत्र तुमच्या भागात मे महिन्याचं. मृगाच्या आधी सगळं भरून झालं पाहिजे. डाळ, रवा, तांदूळ उन्हं दिल्यावर लगेच डब्यात भरायची घाई करू नका, गरम धान्य आत घाम सोडतं आणि तीच ओल बुरशीला पुरते. रात्रभर फडक्याखाली गार होऊ द्या. दाणा वाळला का हे दाताखाली कळतं, कट्कन तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये. शंका वाटली तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर धान्य आणि थोडं कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन हवं. डाळीला एरंडेलाचा हात लावणं चांगलं. पाला घालायचा तर सावलीत पूर्ण सुकवलेला घाला, ओला पाला म्हणजे आपल्या हाताने घातलेली ओल. पाऱ्याच्या टिकड्या मी कुणाला सुचवत नाही. आणि धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही, अगदी कधीही आणू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने झोपलेली माणसं दगावतात.

ठेवायचं कुठे? २०२१ ची पाण्याची रेषा भिंतीवर अजून दिसत असेल, तिच्या वर किमान तीन फूट. तेवढी उंची तुमच्या माळ्याला नसेल तर हा प्रश्न स्वयंपाकघरात सुटणार नाही. वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घराशी बोलून तुमची एक कोठी तिथे ठेवा आणि दोन्ही घरांनी मिळून साठा करा. मला तर तेच जास्त पसंत आहे.

आणि हा साठा वेगळा, पवित्र, न शिवायचा असा करू नका. जो तांदूळ रोज खाता तोच जास्त घ्या. डब्यावर महिना लिहा, जुना पुढे ओढा, नवा मागे सरका. पोहे दर तीन महिन्यांनी चिवड्यात संपवा आणि नवे भरा. गणपतीत नारळ लागतातच, ते त्या ढिगातले घ्या आणि लगेच भरपाई करा. ज्या वस्तू घरात एरवी कुणी तोंडात घालत नाही त्या अडचणीतही खाल्ल्या जात नाहीत, लहान मुलं तर अजिबात खात नाहीत.

पूर ओसरल्यावरची गोष्ट मी हात जोडून सांगते. पुराचं पाणी लागलेलं धान्य, वरून कितीही बरं दिसो, वाळवून खायचं नाही. त्या पाण्यात मैला असतो, उंदराचं मूत असतं, लेप्टो त्यातूनच होतो. सीलबंद पत्र्याचा डबा किंवा न फाटलेलं तयार जेवणाचं पाकीट साबणाने धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वापरता येईल. फुगलेला, गंजलेला, शिवणीवर चेपलेला डबा मात्र उघडायचाच नाही. साधी प्लास्टिकची पुडी, पिठाचा स्क्रूच्या झाकणाचा डबा, लोणच्याची बरणी, सगळं टाकायचं. २००५ मध्ये माझ्या सासूबाईंनी ओल्या गव्हातला वरचा ‘चांगला’ गहू वेगळा काढून वाळत घातला होता. अन्न टाकवत नाही, हे मलाही समजतं. आम्ही तो गहू त्यांना न दुखावता गुरांनाही न घालता पुरला, त्याला दोन दिवस समजूत काढावी लागली.

या मे महिन्यात एक रविवार निवडा. सकाळी गॅसचा कॉक बंद, नळ बंद, मेन स्विच बंद. संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांनी फक्त त्या सहा किलोंच्या पेटीतलं आणि कॅनमधलं खायचं-प्यायचं. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा नारळ वर होते आणि कोयता खाली राहिला होता, मीठ कुणीच घेतलं नव्हतं आणि सासूबाईंना फुटाणे चावत नव्हते, त्यांना कुटून द्यावे लागले. तुमच्या पेटीत काय कमी आहे ते मला इथून सांगता येणार नाही, त्या रविवारी दुपारपर्यंत तुम्हालाच कळेल. कोयता मात्र आत्ताच नारळाशेजारी टांगून ठेवा, मुलीचा हात पोचणार नाही असा.